यंत्राचें सोंवळें

जुन्या मोटारसायकलीचें इंजिन घरीं उघडून पुन्हां बांधणें हा सुशिक्षित माणसाचा उद्योग नव्हे, हें मत आमच्या पांढरपेशा वर्गांत इतकें दृढमूल झालें आहे कीं त्याचें समर्थन करण्याची गरजहि कोणास भासत नाहीं. ज्याला हौस असेल त्यानें गाडी एकाद्या नामांकित कारखान्यांत पाठवावी व ती आरशासारखी लखलखून परत आली म्हणजे दर्शनी जागीं उभी करावी. ज्याला हौस नसेल त्यानें ती वजनावर भंगारवाल्यास द्यावी. सभ्य गृहस्थास हे दोनच मार्ग मोकळे आहेत असें समजलें जातें. बाह्या सरसावून, हात काळे करून, यंत्राचा एकेक अवयव स्वतः सोडवावा, तो समजून घ्यावा आणि पुन्हां जागच्या जागीं बसवावा, हा तिसरा मार्ग विक्षिप्तपणाचा मानला जातो. आमचें म्हणणें असें कीं हा तिसरा मार्गच खरा आहे, आणि पहिले दोन, दिसावयास परस्परविरुद्ध असले तरी, एकाच मनोवृत्तीचीं अपत्यें आहेत. त्या मनोवृत्तीस आम्ही यंत्राचें सोंवळें म्हणतों.

शब्द कोणास कठोर वाटेल. परंतु सोंवळ्याचें लक्षण तरी दुसरें काय? ज्या वस्तूचा उपभोग घ्यावयाचा तिच्या घडणीला मात्र शिवावयाचें नाहीं! आमच्या वर्गानें मोटार घेतली, पंखा घेतला, शीतकपाट घेतलें, आणि यांच्या पोटांत काय चालतें हें जाणणारा माणूस मागील दारानें बोलावण्याची सोय करून ठेवली. त्याला आम्ही मिस्त्री म्हणतों, एकेरी हांक मारतों, त्याच्या मजुरीवरून हुज्जत घालतों, आणि त्याची विद्या ही विद्याच नव्हे असें मनांत धरून चालतों. पुस्तकांतून येते ती विद्या आणि हातांतून येते ती नुसती संवय, हा भेद कोणीं केला व कोणत्या आधारावर केला, हें एकदां विचारलें पाहिजे.

आम्ही हें हवेंत बोलत नाहीं. भवानी पेठेंतील आमच्या घराच्या पडवींत गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत १९६७ सालच्या एका ३५० सी. सी. बुलेटचें इंजिन सुटें होऊन पडलें होतें. ही गाडी मूळची विलायतेंतील रेडिच गांवची. १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली, गाडी प्रथम तेथें जुळूं लागली व पुढें तेथेंच घडूं लागली. १९७० सालीं विलायतेंतील मूळ घर बसलें. मुलगी मात्र सासरीं नांदत राहिली, आणि बिडाच्या सिलिंडरचें तिचें इंजिन २०१० च्या सुमारापर्यंत फारसें रूप न पालटतां निघत होतें. त्यामुळें तिचे सुटे भाग अजून मिळतात, आणि घरीं काम करूं पाहणारास याहून मोठी सवलत दुसरी नाहीं. आमच्या शेजारच्या एका सद्‌गृहस्थांनीं कुंपणावरून डोकावून, "सर, हें काय मांडलंय? मिस्तरी बोलवा कीं!" असें म्हटलें, तेव्हां त्यांच्या स्वरांत थट्टा नव्हती, खरी काळजी होती. प्राध्यापकाच्या हाताला लागलेलें काळें तेल पाहून त्यांना जें दुःख झालें, तें त्याच्या पुस्तकांना लागलेली वाळवी पाहून झालें असतें असें आम्हांस वाटत नाहीं.

या कामांत बुद्धीला काय वाव आहे असें विचारणारांनीं तें एकदां करून पाहावें. सिलिंडरचें हेड उतरल्याबरोबर पहिला प्रश्न उभा राहतो तो निदानाचा. पिस्टनच्या माथ्यावरची काजळी तेलकट आहे कीं कोरडी, यावरून तेल वर चढतें आहे कीं पेट्रोलाचें मिश्रण दाट जातें आहे हें ताडावें लागतें. या इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. खालीं-वर धांवणाऱ्या पिस्टनचा रेटा सिलिंडरच्या समोरासमोरच्या दोन भिंतींवर अधिक पडतो, आणि वर्षांनुवर्षें गोल असलेलें भोंक हळूहळू लंबगोल होतें. डोळ्यास तें गोलच दिसतें! म्हणून मापक आंत घालून वर, मध्यें व खालीं, आणि प्रत्येक ठिकाणीं दोन दिशांनीं माप घ्यावयाचें. रिंग एकटीच आंत सरळ ढकलून तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजच्या पात्यानें पाहावयाची. कनेक्टिंग रॉड हातानें ओढून पाहावयाचा: बाजूला किंचित् डुलला तर चालतो, पण वर-खालीं खडखडला तर क्रँक उघडल्यावांचून गत्यंतर नाहीं. हीं सारीं मापें वहींत उतरवावयाचीं आणि झीज किती, कोठें व कां, याचा निर्णय करावयाचा. निरीक्षण, अनुमान आणि पडताळा ही जी त्रयी आम्ही खडू हातांत घेऊन वर्गांत शिकवितों, तिचें याहून स्वच्छ उदाहरण निदान आमच्या पाहण्यांत नाहीं.

जुळणी करतांना तर मनुष्याच्या स्वभावाचीच परीक्षा होते. नट-बोल्ट शेंगाचटणीच्या रिकाम्या बरण्यांत क्रमवार ठेवलेले, प्रत्येक बरणीवर चिठ्ठी. पुसावयास कॉटन वेस्ट, आणि तिला सोलापुरांत काय तोटा! पिस्टनच्या पिनेची सर्क्लिप बसवितांना क्रँककेसचें तोंड चिंधीनें झांकलें नाहीं, तर ती तारेची कडी आंत पडते आणि केलेलें काम पुन्हां सोडावें लागतें. टायमिंगच्या दांतेरी चाकांवर कारखान्यानें खुणा कोरलेल्या असतात. खुणेला खूण भिडली नाहीं तर व्हॉल्व्ह भलत्याच वेळीं उघडतात. व्हॉल्व्ह पेस्ट लावून आपापल्या बैठकीवर घांसावयाचे, मग पोर्टमध्यें रॉकेल ओतून वाट पाहावयाची. थेंब पाझरला तर काम अपुरें. टॅपेट लावावयाचे ते इंजिन थंड असतां आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या शिखरावर असतां. पुशरॉड बोटांनीं सहज फिरला पाहिजे, परंतु वर-खालीं मुळींच हलतां कामा नये. ठिणगीचा क्षण साधावयाचा तो कॉन्टॅक्ट पॉइंटांमध्यें सिगारेटचा पातळ कागद धरून. इंजिन हळूहळू फिरवीत असतां तो कागद जेथें अलगद सुटतो, तेंच पॉइंट उघडण्याचें स्थान. आमच्या घरीं सिगारेट कोणी ओढीत नाहीं; तेव्हां हा कागद मागावयास गेलेल्या आमच्या कन्येकडे कोपऱ्यावरच्या पानवाल्यानें ज्या नजरेनें पाहिलें तिचें वर्णन करण्यासारखें आहे. पण असो.

घरीं सर्व कांहीं होतें असें आम्ही म्हणत नाहीं. बोअर मारणें घरीं होत नाहीं. क्रँकची दाबून बसविलेली पिन काढून नवें बेअरिंग घालणें, आणि मग लेथच्या दोन केंद्रांमध्यें धरून डायल गेजवर तो क्रँक सरळ करणें, हें तर मुळींच होत नाहीं. एका दुरुस्तीच्या दुकानानें (नांवाशीं आम्हांस कर्तव्य नाहीं) इंजिन न उघडतांच, "क्रँक गेला" असा निकाल दिला होता. उघडून पाहतां क्रँक निर्दोष निघाला. झिजला होता तो सिलिंडर. अशा झिजलेल्या सिलिंडरला पहिला बोअर इंचाच्या हजारांशांत २० चा, म्हणजे सुमारें अर्ध्या मिलिमीटरचा. त्यानंतर ४०, मग ६०. त्यापुढें भिंत पातळ होते आणि आंत नवी लायनर घालण्याची वेळ येते. ज्या लेथवाल्याकडे आम्ही सिलिंडर नेला त्यानें आमची वही पाहिली, मापें स्वतः पुन्हां घेतलीं, आणि "पिस्टन आधीं आणा, मग बोअर" एवढेंच सांगितलें. कारण पिस्टन प्रत्यक्ष मोजून त्याच्या मापानें भोंक करावयाचें असतें. भोंक करून पिस्टन शोधीत फिरणारा पस्तावतो. सोलापुरास अशीं माणसें भेटतात याचें नवल नाहीं. १८७७ सालीं सुरू झालेल्या जुन्या मिलपासून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णु अशा गिरण्यांनीं या गांवांत फिटर, टर्नर आणि जॉबर यांच्या पिढ्या घडविल्या. त्या गिरण्यांचे भोंगे थांबले. पण यंत्रमागाचें बिघडलेलें अंग नुसत्या आवाजावरून ओळखणारा जॉबर आमच्या पेठेच्या आसपास अजून भेटतो. त्याच्या त्या ज्ञानाची कोठें पदवी नाहीं, परीक्षा नाहीं, आणि त्याचा मुलगा तें शिकावयास तयार नाहीं, कारण आम्हीच त्या मुलाला तें हलकें असल्याचें शिकविलें. लेथवाल्यानें वही पाहून आम्हांस जो मान दिला, तो केवळ 'सर' म्हणून मिळणाऱ्या मानाहून वेगळ्या जातीचा होता. ज्यानें स्वतः इंजिन उघडलें आहे तोच दुसऱ्याच्या कसबाची किंमत जाणतो, आणि मजुरी देतांना हुज्जत घालण्याची लाज त्यालाच वाटते.

व्यवहारी मंडळी म्हणतील, प्राध्यापकाच्या तासाची किंमत मिस्त्रीच्या तासाहून अधिक. तेव्हां ज्याचें काम त्यानें करावें. अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठांतला हा श्रमविभाग आम्हांसहि मुखोद्गत आहे. परंतु हाच न्याय लावावयाचा तर त्या प्राध्यापकानें सुटींत क्रिकेटचा सामना पाहूं नये, पत्ते खेळूं नयेत, लग्नकार्यांत दोन दोन दिवस बसूं नये. त्याहि तासांची किंमत तेवढीच आहे. त्या वेळीं हिशेबाची वही कोणी काढीत नाहीं. ती निघते हातांत पाना दिसला म्हणजेच! तेव्हां आक्षेप वेळाचा नव्हे, पान्याचा आहे.

या सोंवळ्याची किंमत महाराष्ट्रानें पुष्कळ मोजली आहे. १९३७ सालीं वर्ध्यास भरलेल्या शिक्षणपरिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तव्यवसायाच्या द्वारें शिक्षण ही कल्पना मांडली. तिचा आदर सर्वांनीं केला, आणि आपापलीं मुलें दुसऱ्या शाळेंत घातलीं. उलट उदाहरणें आमच्यांत नव्हतीं असें नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ड्रॉइंग शिकवीत. १८८८ सालीं त्यांनीं बंधूंच्या साहाय्यानें बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें. सायकलच्या चेनला हात लावल्यानें त्यांचें शिक्षकपण बाटलें नाहीं. त्याच हातांतून पुढें लोखंडी नांगर आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी निघाली. सोलापूरकरांस तर दूर जावयासहि नको. १८८२ सालीं याच गांवीं जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढून या देशांत मोटार घडविण्याचा घाट घातला. ज्या गांवाला असा वारसा आहे तेथें आज अभियांत्रिकीची पदवी असलेल्या किती तरुणांनीं एक तरी इंजिन स्वतः उघडून पुन्हां चालूं केलें आहे, हें ज्याचें त्यानें आपल्या ओळखीच्या चार घरांत विचारून पाहावें.

परदेशांत या सोंवळ्याचें स्तोम निदान इतकें दिसत नाहीं. न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिल गांवच्या बर्ट मन्रो या गृहस्थानें १९२० सालची 'इंडियन' नांवाची मोटारसायकल घेतली आणि जन्मभर आपल्या शेडमध्यें तिच्यावर काम केलें. पिस्टनसुद्धां तो स्वतः ओतीत असे. १९६७ सालीं, वयाच्या ६८ व्या वर्षीं, त्यानें अमेरिकेंतील बॉनव्हिलच्या मिठागरावर तिच्याच आधारें १,००० सी. सी. पर्यंतच्या वर्गांत ताशीं १८३ मैलांहून अधिक वेगाचा विक्रम केला. शिकागो विद्यापीठाची राजकीय तत्त्वज्ञानांतील डॉक्टरेट मिळविलेल्या मॅथ्यू क्रॉफर्ड यांनीं मोटारसायकल-दुरुस्तीचें दुकान काढलें, आणि २००९ सालीं हातकामाच्या बौद्धिक मोलावर एक ग्रंथ लिहिला. असा ग्रंथ अमेरिकेहून आला म्हणजे आमचे लोक तो विकत घेतात, इंग्रजींत त्याची वाहवा करतात, आणि गाडीचा प्लग बदलावयास माणूस बोलावतात.

आतां त्या दर्शनी जागीं उभ्या असलेल्या लखलखीत गाडीकडे वळूं. भंगारवाल्यास गाडी देणाऱ्यावर आमचा फारसा राग नाहीं. यंत्र मेलें हें त्यानें निदान प्रामाणिकपणें मान्य केलें. मेलेल्या यंत्राला क्रोमचा मुलामा देऊन तें जिवंत म्हणून मिरविणारे अधिक दोषी. आणि खेदाची गोष्ट अशी कीं सरकारनेंहि याच वृत्तीवर आपला शिक्का उठविला आहे. १५ जुलै २०२१ रोजीं केंद्र सरकारनें मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकी गाड्यांचा 'व्हिंटेज' म्हणून निराळा वर्ग केला. अट अशी कीं गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी. सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत फेरबदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, फेरनोंदणीस ५,००० रुपये, मुदत १० वर्षें, आणि क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें. या वर्गांत नोंदलेली गाडी रस्त्यावर आणावयाची ती प्रदर्शनासाठीं, तांत्रिक संशोधनासाठीं, व्हिंटेज गाड्यांच्या रॅलीसाठीं, किंवा पेट्रोल व देखभाल यांसाठीं. नित्य वापरासाठीं नव्हे.

नियम करणारांचा हेतु वाईट होता असें नाहीं. कोणी भलतेंच इंजिन बसवून गाडी अस्सल म्हणून खपवूं नये, हें योग्यच आहे. परंतु यंत्र ही मूर्ति नव्हे. मूर्ति भंगली कीं ती पूजेंतून जाते. यंत्राचा मात्र झिजणें हाच धर्म आहे, आणि झिजलेला भाग बदलणें हें त्याचें जीवन आहे. बोअर मारतां यावा, मोठ्या मापाचे पिस्टन बसावे, ही सोय ज्या कारखान्यानें इंजिन घडविलें त्यानेंच करून ठेवलेली असते. मग २० चा पिस्टन घातलेलें इंजिन 'मूळ' कीं 'बदललेलें'? ज्या इंजिनाचा पिस्टन ५० वर्षांत एकदांहि बदलला नाहीं, तें बहुधा चाललेंच नाहीं. म्हणजे या दृष्टीनें आदर्श गाडी ती, जी कोणीं वापरलीच नाहीं!

धुराचा आक्षेप खरा आहे, आणि तो टाळून पुढें जाणें बरें नव्हे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या मर्यादा पाळणाऱ्या नव्या गाडीशीं जुनी गाडी या बाबतींत बरोबरी करूं शकत नाहीं. जावा, राजदूत यांसारख्या टू-स्ट्रोक गाड्या तर पेट्रोलांत तेल मिसळूनच चालतात, आणि तें तेल जळून बाहेर पडावयाचेंच. रोज लांबचा प्रवास करणाऱ्यानें जुनी गाडी वापरावी असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु निळा धूर सोडीत जाणारी गाडी आणि रिंगा व व्हॉल्व्ह नीट बसविलेली तीच गाडी, यांतलें अंतर इंजिन उघडणाऱ्या हातानेंच पडतें. धुराचा मुद्दा इंजिन बांधण्याच्या बाजूचा आहे, विरुद्ध नव्हे.

नव्या गाडीवर आमचा राग नाहीं. ती घरीं उघडतां येत नाहीं एवढेंच. इंधनाचें प्रमाण आणि ठिणगीचा क्षण एका बंद डबींतला संगणक ठरवितो, आणि त्या डबीशीं बोलावयाचें तर निराळें उपकरण लागतें. जुलै २०२२ मध्यें केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानें 'दुरुस्तीच्या हक्का'साठीं समिती नेमली; तिच्यापुढील विषयांत शेतीचीं अवजारें, मोबाइल, घरगुती उपकरणें यांबरोबर वाहनेंहि होतीं. हक्क मिळेल तेव्हां मिळो. पण जो वर्ग पाना उचलीतच नाहीं त्याला तो हक्क घेऊन करावयाचें काय? आमची कन्या वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. तिनें रिंगेची फट मोजली, टायमिंगच्या खुणा जुळविल्या. तिला यापुढें "क्रँक गेला" असें न उघडतां सांगणें कोणासहि सोपें जाणार नाहीं.

आणखी एक गोष्ट. नव्यानें बांधलेलें इंजिन किक मारून सुरू झालें म्हणजे तयार झालें असें नव्हे. नव्या रिंगा आणि नवी कापलेली भिंत यांचा मेळ बसावयास पहिले सात-आठशें किलोमीटर गाडी बेतानें, भार कमीअधिक करीत, रस्त्यावर चालवावी लागते. मग तेल बदलावयाचें, हेडचे नट पुन्हां आंवळावयाचे, टॅपेट पुन्हां पाहावयाचे. पडवींत उभी करून घुरघुरत ठेवल्यानें हें साधत नाहीं. उलट भिंत गुळगुळीत होते आणि रिंगा कायमच्या तेल वर सोडूं लागतात. सोलापुराहून तुळजापूर सुमारें ४५ किलोमीटर, आणि शेवटीं घाट. तेथल्या आठ फेऱ्यांत हें काम होतें. आमची गाडी साध्या नोंदणीवर आहे म्हणून त्या फेऱ्या झाल्या. 'व्हीए' वर्गांत असती तर देवीच्या दर्शनास निघालेली गाडी प्रदर्शनांत बसत नाहीं, रॅलींत बसत नाहीं. 'देखभाल' या शब्दांत ती बसते कीं नाहीं, हें नाक्यावरचा शिपाई ठरविणार. नियमांत म्हणून स्पष्ट लिहावें कीं मूळ आराखड्यास धरून केलेली इंजिनाची बांधणी हा फेरबदल नव्हे, आणि अशा बांधणीनंतर ठराविक अंतर गाडी खुल्या रस्त्यावर चालविण्याची मुभा द्यावी. नोंदणीच्या अर्जांत एक रकानाहि वाढवावा: इंजिन शेवटचें कोणीं उघडलें, केव्हां, आणि मापें काय निघालीं.